जेनोफेजचा हिशेब जुळतो का? हजारी एक जगतं, तरी क्रोगन संपत का आले?

निशाचर

(‘मास इफेक्ट’ या व्हिडिओ गेमच्या तिन्ही भागांचा रहस्यभेद आहे. खेळायचं राहिलं असेल तर इथूनच मागे फिरा.)

क्रोगनांवर सोडलेल्या जेनोफेजबद्दल प्रश्न आहे. पार्श्वभूमी थोडक्यात: राक्नाय या कीटकसदृश जातीशी लढायला फौज कमी पडली म्हणून सलारियन या दुसऱ्या परग्रही जातीने क्रोगनांना तुचांका या त्यांच्या ग्रहावरून उचलून अंतराळात आणलं. ते युद्ध इ. स. ३००च्या सुमारास संपलं. क्रोगनांना बक्षीस म्हणून ग्रह मिळाले, ते भरले, मग त्यांनी दुसऱ्यांच्या वसाहतींवर हात टाकला आणि ७००च्या आसपास बंड पेटलं. ते मोडायला सलारियनांनी बनवलेलं आणि ट्यूरियनांनी वापरलेलं, जन्मदर पाडणारं जैविक अस्त्र म्हणजे जेनोफेज.

आता आकडे. कोडेक्स (खेळातला माहितीकोश) म्हणतो की क्रोगन मादी वर्षभरात १,०००पर्यंत फलित अंडी देऊ शकते. जेनोफेजनंतर हजारात एक जगतं. क्रोगन हजार वर्षांच्या वर जगू शकतो. म्हणजे मादीमागे वर्षाला एक पिल्लू, तेही शेकडो वर्षं. हा जन्मदर माणसाच्या कितीतरी पुढे आहे! मग क्रोगन योद्धा रेक्स ‘आमचा वंश संपतोय’ का म्हणतो? जेनोफेजवर काम केलेला सलारियन शास्त्रज्ञ मॉर्डिन म्हणतो, संपवायचं नव्हतंच, संख्या औद्योगिक काळाच्या आधीच्या पातळीवर स्थिर ठेवायची होती. तिघांत खरं कोण?

दुसरं, एकदा सोडल्यावर मॉर्डिनच्या गटाला सुधारित जेनोफेज पुन्हा का सोडावा लागला? आणि तिसरं: दुसऱ्या भागात मेलॉन या मॉर्डिनच्या शिष्याची उपचारावरची माहिती ठेवायची की पुसायची? तिसऱ्या भागात त्याने नक्की काय बदलतं?

---

गणिती किडा

आधी ‘हजारात एक’ म्हणजे कशात एक ते ठरवू, कारण खेळातली पात्रं दोन्ही अर्थांनी बोलतात. एक अर्थ हजार अंड्यांत एक. दुसरा अर्थ हजार गर्भारपणांत एक.

गृहीतकं माझी आहेत, कोडेक्सची नाहीत: मादी २०व्या वर्षी वयात येते, ६२०पर्यंत प्रसवते, वर्षाला एक खेप, निम्मी पिल्लं मादी.

दुसरा अर्थ धरला तर ६०० वर्षांत ६०० गर्भारपणं, त्यातून ०.६ पिल्लू, म्हणजे ०.३ मुलगी. एकही पिल्लू दगावलं नाही तरी प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या ३० टक्के. हा सरळसरळ निर्वंश आहे, फक्त हप्त्याहप्त्याने. मॉर्डिनच्या ‘स्थिर’शी हे कुठल्याच बाजूने जुळत नाही.

पहिला अर्थ धरला तर आयुष्यात ६०० पिल्लं, ३०० मुली. सगळ्या जगल्या तर लोकसंख्या साधारण ८ वर्षांत दुप्पट. दहातली एकच वयात आली तरी २४-२५ वर्षांत दुप्पट. शंभरातली एक आली तरी सुमारे १६५ वर्षांत दुप्पट. स्थिर राहायला ३००तली एकच मुलगी वयात यायला हवी. एवढे मृत्यू घडवून आणणं हे जेनोफेजच्या हातातलं काम नाही, कारण तो अंड्यापाशीच थांबतो. जन्मलेल्या पिल्लाला तो काही करत नाही.

म्हणजे तुमची शंका रास्त आहे. या गृहीतकांवर एका अर्थाने जात संपते, दुसऱ्याने फुगते. मधलं ‘स्थिर’ कुठेच सापडत नाही.

---

तिखटजाळ

कोडेक्समधला ‘पर्यंत’ हा शब्द विसरू नका. १,००० ही कमाल आहे, सरासरी नाही. उपासमारीच्या ग्रहावर कमाल गाठणाऱ्या माद्या किती असणार?

---

गणिती किडा

मान्य, पण सरासरी २०० धरली तरी पाच वर्षांत एक पिल्लू होतंच. ६०० वर्षांत १२० पिल्लं. स्थिर राहायला ६० मुलींतली एक जगायला हवी. आकडा सौम्य झाला, कोडं तेच राहिलं.

---

पेशीबाह्य

जीवशास्त्राच्या बाजूने सांगतो, त्यात गणिताची एक चावी आहे.

जेनोफेज माद्यांना वांझ करत नाही. कोडेक्समध्ये हे स्पष्ट आहे. गर्भधारणा होते, पण ती तडीस जाण्याची शक्यता कमी केलेली असते. काही पिल्लं मृत जन्मतात, बहुतेक तिथवरही पोचत नाहीत. शिवाय तो शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो, म्हणजे एखाद्या अवयवापुरता जनुकोपचार करून सुटका नाही. क्रोगन शरीरात प्रत्येक गोष्टीला राखीव जोड असते. दुसरं हृदय, दुसरी मज्जासंस्था, सगळं. अशा शरीरात एकाच इंद्रियावर मारा केला असता तर राखीव इंद्रियाने काम सांभाळलं असतं. ‘प्रत्येक पेशी’ ही अट म्हणूनच लेखकांनी विचारपूर्वक घातलेली वाटते.

आता प्रत्यक्षातलं सर्वांत जवळचं उदाहरण. जनावरांच्या जखमेत अंडी घालणारी स्क्रूवर्म माशी १९५४ साली क्युरासाओ बेटावरून संपवली, ती किरणोत्सर्गाने वंध्य केलेले नर सतत सोडून. ती माशी आयुष्यात एकदाच मीलन करते, म्हणून वंध्य नराशी गाठ पडली की त्या मादीचा विषय संपला. पण तिथे वंध्य नर दर आठवड्याला नव्याने सोडावे लागत होते. थांबलात की उरलेल्या माश्या पुन्हा वाढणार. जेनोफेज उलट आहे: एकदा सोडला की आईबापांकडून पिल्लांत जातो, पुन्हा सोडावा लागू नये अशी रचना. म्हणूनच सुधारित जेनोफेजचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

त्याला जवळचं उदाहरण सशांचं. ऑस्ट्रेलियात १९५० साली सशांवर मिक्सोमा विषाणू सोडला. सुरुवातीला लागण झालेल्या सशांतले ९९ टक्क्यांहून जास्त मरत. काही वर्षांतच दोन गोष्टी झाल्या. विषाणूचे सौम्य वाण पसरले, कारण ससा लगेच मेला तर डासांना विषाणू पुढे न्यायला वेळच मिळत नाही. आणि वाचलेल्या सशांची पिलावळ जास्त चिवट निघाली. फ्रँक फेनर यांनी हे वर्षानुवर्षं मोजून ठेवलं आहे.

यातली पहिली गोष्ट जेनोफेजला लागू नाही. तो आता साथीसारखा एकाकडून दुसऱ्याकडे पसरून जगत नाही, वारशाने जातो, त्यामुळे सौम्य होण्यात त्याचा काही फायदा नाही. दुसरी गोष्ट मात्र पुरेपूर लागू आहे, सशांपेक्षाही जास्त. इथे निवडीचा दाब थेट प्रजननावर आहे. ज्या मादीची हजारातली दोन जगतात, तिचा वंश प्रत्येक पिढीत इतरांच्या दुप्पट होणार. असा गुण दहा लाखांत एकीत असला तरी २० पिढ्यांत तो सगळीकडे दिसायला लागेल, कारण २चा विसावा घात दहा लाखांच्या थोडा वर जातो.

---

अर्धवट_प्रकाश

पेशीबाह्य, इथे अडतं. २० पिढ्या म्हणायला ठीक, पण पिढी किती वर्षांची? गणिती किडा यांच्या गृहीतकांवर मादी २० ते ६२० प्रसवते. स्थिर लोकसंख्येत आईचं सरासरी वय मग ३२० येतं. बंडापासून दुसऱ्या भागापर्यंत (२१८५) साधारण १,४०० वर्षं, म्हणजे जेमतेम साडेचार पिढ्या. दुप्पटीचा फायदा धरला तरी २०-२२ पट वाढ. दहा लाखांत एक असलेला गुण पन्नास हजारांत एक होईल. तेवढ्यासाठी विशेष पथकाने पुन्हा अस्त्र बनवायची धावपळ का करावी?

म्हणजे दोन कोडी झाली. जन्मांच्या हिशेबात क्रोगन फारच वेगाने वाढायला हवेत, आणि उत्क्रांतीच्या हिशेबात फारच हळू बदलायला हवेत.

---

गणिती किडा

या दोन्ही कोड्यांना एकच किल्ली लागते. हजार वर्षं जगणं ही क्षमता आहे, सरासरी नाही. कोडेक्समध्येच ती तिरकस नोंद आहे: बंदुकीची दारू येईपर्यंत क्रोगनांच्या मृत्यूचं पहिलं कारण ‘हिंस्र प्राण्यांनी खाल्लं’, आणि नंतर ‘गोळी लागून’. म्हातारपण यादीत पुढे कुठेच नाही.

आता ६०० वर्षं टाकून द्या. वयात आल्यावर मादी सरासरी ४० वर्षं प्रसवते आणि मग कशाने तरी मरते असं धरा. जेनोफेजसह ४० पिल्लं, २० मुली. स्थिर राहायला २०तली एक, म्हणजे ५ टक्के मुली वयात यायला हव्यात. अणुयुद्धाने भाजलेला ग्रह, थ्रेशर मॉ नावाचे अजस्र किडे, टोळ्यांची भांडणं. ५ टक्के अगदीच पटण्यासारखा आकडा आहे. मॉर्डिनचं ‘स्थिर’ इथे बसतं.

पिढीचा काळही आपोआप खाली येतो: दरवर्षी मरण्याचा धोका सारखाच धरला तर २० अधिक ४०, म्हणजे ६० वर्षं. १,४०० वर्षांत २३ पिढ्या. पेशीबाह्य यांच्या २० पिढ्या यात आरामात मावतात, आणि मॉर्डिनच्या गटाला क्रोगन जुळवून घेताना दिसू लागले तो काळही बरोबर येतो.

‘हजार गर्भारपणांत एक’ हा अर्थही इथे कायमचा बाद होतो. ४० वर्षांत ०.०४ पिल्लू, ०.०२ मुलगी. या दराने १०० कोटींची जात पाचव्या पिढीत संपते, म्हणजे जेमतेम ३०० वर्षांत. १,४०० वर्षांनी रेक्सशी बोलायला कुणी उरलाच नसता.

एक पुरवणी. R म्हणजे एका मादीमागे पुढच्या पिढीत वयात आलेल्या माद्या. वरच्या आकड्यांत R = २० × क × ०.०५, जिथे ‘क’ म्हणजे हजारात किती जगतात. क = १ असेल तर R = १. आता क चुकून १.१ ठरला तर? २३ पिढ्यांत जवळपास ९ पट. ०.९ ठरला तर मूळच्या ९ टक्क्यांच्या आत. दहा टक्क्यांची चूक, आणि एकीकडे दुसरं बंड, दुसरीकडे निर्वंश. इतकं नेमकं अस्त्र एकदा सोडून विसरता येत नाही. मॉर्डिन दुसऱ्या भागात सांगतो की तो दरवर्षी तुचांकावर जाऊन पाण्याचे आणि ऊतींचे नमुने घ्यायचा, वरिष्ठांनी दुसऱ्याला पाठवायची तयारी दाखवली तरी स्वतः जायचा. खेळात ते त्याच्या मनाच्या टोचणीसारखं येतं. गणितात ते देखभालीचं काम आहे, आणि टाळता न येणारं.

---

तिखटजाळ

मग ओकीरसारखे बंडाच्या काळातले म्हातारे कसे उरले? सरासरी ४० म्हणता ना?

---

अर्धवट_प्रकाश

सरासरीभोवतीचा पसारा मोठा असणार. जो पहिली शंभर वर्षं तगतो तो साधा क्रोगन राहत नाही. टोळीप्रमुख होतो, पुढे लढायला दुसरे असतात, मग तो चारशे-पाचशे वर्षं सहज काढतो. शिवाय ओकीर नर आहे आणि हिशेब माद्यांचा चालला आहे. प्रसवणाऱ्या माद्यांवर टोळ्या लढतात, त्यांना ओलीस धरतात. त्यांचे मृत्यू नरांपेक्षा वेगळ्या कारणांनी येणार.

गणिती किडा यांच्या मांडणीतून निघणारी सर्वांत रंजक गोष्ट कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो. R मध्ये जेनोफेज हा फक्त एक गुणक आहे. ४० वर्षं हा दुसरा, ५ टक्के हा तिसरा. औषध न शोधताही सरासरी ४०ची ८० करता आली तर R दुप्पट. बालमृत्यू कमी करून ५चे १० टक्के केले तर पुन्हा दुप्पट. दोन्ही जमलं तर चौपट, आणि जेनोफेजला बोटही लावलेलं नाही.

दुसऱ्या भागात रेक्स जिवंत असेल तर उर्दनॉट टोळी काय करते आठवा. तटस्थ जागा ठरवते, माद्यांच्या टोळीला संरक्षण देते, टोळ्यांमधली भांडणं आवरायला बघते. आपण ते राजकारण समजून पुढे जातो. हिशेबाने पाहिलं तर तोच अर्धा उपचार आहे. उलट वेरलॉक टोळी मेलॉनला हाताशी धरून औषध शोधते आणि त्यासाठी स्वतःच्याच बायकांचे बळी देते. त्या पडक्या इस्पितळात टेबलावर पडलेली क्रोगन स्त्री स्वेच्छेने प्रयोगात आली होती, हे मॉर्डिन मृतदेह तपासून सांगतो. वंश वाचवायला प्रसवणाऱ्या स्त्रियाच खर्ची घालायच्या! R चा हिशेब माहीत असलेला माणूस हे कधीच करणार नाही.

रेक्सचं ‘वंश संपतोय’ही यातून समजतं. R = १ हे गणितात स्थिर आहे. ज्या आईची हजारातली नऊशे नव्याण्णव गेली तिला ते स्थिर वाटणार नाही.

---

पेशीबाह्य

उपचाराबद्दल सावधगिरीचा एक मुद्दा. औषध लागू पडलं की ‘क’ एकदम १वरून कमाल १,०००वर जातो. बाकी गुणक तेच ठेवले तर R = १,०००. असं प्रत्यक्षात होणार नाही, कारण तेवढ्या पिल्लांना खायला तुचांकावर काहीच नाही. ५ टक्के हा आकडा धाडकन कोसळेल. म्हणजे मृत्यू गर्भातून उठून पाळण्यात येईल, आणि भुकेल्या टोळ्या शेजारच्या ग्रहाकडे बघतील. ७००च्या सुमारास हेच झालं होतं. डालाट्रासचा (सलारियनांच्या नेतीचा) स्वभाव कुणालाच आवडत नाही, मलाही नाही, पण तिची भीती हवेतली नाही. उपचारासोबत प्रसूतींवर स्वतःहून मर्यादा घालणारं नेतृत्व नसेल तर उपचार अर्धाच. म्हणून गादीवर रेक्स आहे की त्याचा भाऊ रीव्ह, आणि ईव्ह (जिच्या मदतीने उपचार बनतो ती क्रोगन मादी) जिवंत आहे की नाही, यावर निकाल फिरतो. लेखकांनी हे अचूक पकडलंय.

---

कोपऱ्यातला_पंखा

निशाचर, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे सगळ्यांनी पाठ फिरवली आहे, तो मी घेतो. साखळी पहिल्या भागापासून सुरू होते.

पहिला भाग, व्हर्मायर. खलनायक सॅरेनच्या तळावर जेनोफेजवरचा उपचार असल्याचं कळतं आणि रेक्स बंदूक रोखतो. त्याला वाचवायचं असेल तर संवादाचं कौशल्य पुरेसं वाढवलेलं हवं, किंवा त्याच्या घराण्याचं चिलखत आधी मिळवून दिलेलं हवं. चिलखत टुन्टाऊ ग्रहावर टॉन ॲक्टसच्या अड्ड्यात असतं. ते मिळवायचं तर रेक्सशी जहाजावर बोलत राहा, नाहीतर ती कामगिरी उघडतच नाही. बहुतेकांचं इथेच फसतं: व्हर्मायर लवकर उरकतात, गुण कमी पडतात, रेक्स जातो आणि पुढे दोन्ही भागांत गादीवर रीव्ह बसतो.

दुसरा भाग, मॉर्डिनची निष्ठेची कामगिरी. शेवटी मेलॉनची माहिती ठेवायची की पुसायची हे विचारतात. ठेवली तर तिसऱ्या भागात ईव्ह जगते, पुसली तर ती उपचारातून वाचत नाही. मेलॉनला मारलं की सोडलं याचा ईव्हशी संबंध नाही, ही गल्लत फार होते. मॉर्डिन आत्मघाती मोहिमेत गेला तर तिसऱ्या भागात त्याच्या जागी पॅडॉक विक्स येतो.

तिसरा भाग. तुचांकाचं वातावरण सावरायला सलारियनांनी उभारलेल्या श्राउड मनोऱ्यातून औषध सोडायचं असतं. त्याआधी डालाट्रास निरोप पाठवते: मनोऱ्यात आम्ही अनेक वर्षांपूर्वी बिघाड करून ठेवलाय, तो दुरुस्त होऊ देऊ नका, सलारियन फौज तुमची. इथून वाटा फुटतात.

बिघाड सांगून टाकला, मॉर्डिनला वर जाऊ दिलं: उपचार खरा होतो, मॉर्डिन मनोऱ्यासोबत जातो, क्रोगनांची फौज मिळते.

रेक्स जिवंत आहे आणि तुम्ही बिघाड लपवला: मॉर्डिन ऐकत नाही, त्याला गोळी घालावी लागते. पुढे सिटाडेल या अंतराळस्थानकावरच्या उठावानंतर रेक्सला फसवणूक कळते, तो गोदीत समोर उभा राहतो आणि मरतो. उर्दनॉटची मदत काढून घेतली जाते. युद्धबळाच्या हिशेबानेही हा तोट्याचा सौदा आहे.

रीव्ह गादीवर आणि ईव्ह मेलेली: फक्त या जोडणीत मॉर्डिनला समजावता येतं की हा उपचार आत्ता नको. त्यासाठी प्रतिष्ठेचे गुण पुरेसे हवेत. तो जिवंत राहतो आणि क्रूसिबल या महाशस्त्राच्या कामाला लागतो. रीव्हला काही कळत नाही, क्रोगन आणि सलारियन दोघांचीही फौज तुमच्याकडे. रीव्ह आहे पण ईव्ह जिवंत असेल तर मात्र मॉर्डिन मागे फिरत नाही.

---

निशाचर

भारी धागा झाला, सगळ्यांचे आभार. म्हणजे मॉर्डिन जिवंत हवा असेल तर पहिल्या भागात रेक्स मरू द्यायचा आणि दुसऱ्यात मेलॉनची माहिती पुसायची? अर्धवट_प्रकाश यांच्या गुणकांत बघितलं तर मी क्रोगनांचे तिन्ही गुणक पाडून एक सलारियन वाचवतोय.

---

कोपऱ्यातला_पंखा

हो, नेमकं तेच. आणि ते करायचंच असेल तर जतन केलेली फाईल वेगळी ठेवा, दुसऱ्या भागाच्या कामगिरीच्या आधीची. तिसऱ्यात आल्यावर मागे फिरायला जागा नसते.